बोट कुठे होती?

प्रल्हाद साळवे प्रश्न विचारायला उभे राहिले की पुढच्या रांगेतले अधिकारी समोरच्या कागदांत बघायला लागत. आवाज काही मोठा नव्हता त्यांचा. उंची बेताची, अंगावर धुऊन धुऊन विटलेला पांढरा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं म्हणून ते मान वळवून उजवा कान पुढे करायचे. बोलणाऱ्याला वाटायचं, या माणसाचा आपल्यावर विश्वास नाही. हा गैरसमज साळव्यांनी कधीच दूर केला नाही. उलट एकदा मला म्हणाले, "ताई, या कानानं माझं अर्धं काम केलंय."

जालन्यातल्या आमच्या दैनिकात मी मुद्रितशोधक म्हणून लागले तेव्हा छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवायचे दिवस अजून संपले नव्हते. साळवे त्याआधीपासून तिथे होते. राहायला बदनापूरला, बायको तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सकाळच्या पॅसेंजरने यायचे, संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. गाडी उशिरा आली तरी तक्रार नसायची, कारण त्यांच्या निम्म्या बातम्या त्या डब्यात मिळायच्या. कोर्टात तारखेला निघालेला माणूस, दवाखान्यात चाललेली बाई, रजेवर आलेला शिपाई, सगळे त्यांच्याशी बोलायचे. साळवे फक्त ऐकायचे आणि मध्ये एखादा शब्द टाकायचे, "कवा?" किंवा "कोणतं गाव?"

त्यांची बातमी तपासायला घेतली की काढण्यासारखं काही नसायचं. विशेषणांशी त्यांचं वैर होतं. एकदा आगीच्या बातमीत मी आपण होऊन 'हृदयद्रावक' असा शब्द घातला. त्यांनी तो खोडला आणि शांतपणे म्हणाले, "हृदय वाचणाऱ्याचं आहे ताई. त्याचं काय करायचं ते त्याचं तो बघंल. आपण कोण, कुठं, कवा एवढं बराबर सांगू."

ज्या घरात माणूस गेला असेल तिथे ते पिशवीतून पेन काढत नसत. बाहेर ओट्याशी बसायचे, दिलेलं पाणी प्यायचे, ऐकायचे आणि फाट्यावर आल्यावर लिहून काढायचे. इतर बातमीदार याला नाटक म्हणत. पत्रकार परिषदेत मात्र ते पाणीसुद्धा घेत नसत. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "प्यालो की प्रश्न पातळ होतो."

मी लागले त्यानंतरच्या एका फाल्गुनात अंबड तालुक्यात गारपीट झाली. मोसंबीच्या बागा झोडपल्या गेल्या, झाडांखाली फळांचा आणि मेलेल्या पाखरांचा सडा पडला. आठवडा उलटला तरी पंचनाम्याला कोणी फिरकलं नव्हतं. मग एक मंत्री पाहणीला आले. गाड्यांची रांग बागेच्या कडेला थांबली. मंत्र्यांनी काचेतूनच पाहिलं, शेजारच्या अधिकाऱ्याला काहीतरी विचारलं आणि गाडी सुरू करायला सांगितली. साळवे पुढे झाले, काचेवर बोटाने टकटक केली आणि काच खाली आल्यावर म्हणाले, "साहेब, उतरा खाली. गारा विरघळल्यात आता."

लोक हसले, मंत्रीही हसले, आणि हसल्यामुळेच त्यांना उतरावं लागलं. बागेत शिरल्यावर त्यांचा बूट पहिल्यांदा पडला तो एका मेलेल्या पोपटावर. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत साळव्यांनी गाडीच्या काचेबद्दल लिहिलं, पोपटाबद्दल लिहिलं, पंचनामा झालेला नाही हे लिहिलं. स्वतःचं वाक्य लिहिलं नाही. ते वाक्य जिल्हाभर झालं ते तिथं हजर असलेल्या शेतकऱ्यांच्या तोंडून.

साळव्यांच्या आयुष्याचे मात्र दोन भाग पडले ते पुढे, बोरदरीच्या पुराने.

केदारखेड्याच्या पुढे, पूर्णेला मिळणाऱ्या एका लहानशा नदीच्या काठी बोरदरी नावाचं गाव होतं. एरवी तिच्या गुडघाभर पाण्यातून बायका सरपण घेऊन यायच्या. त्या वर्षी श्रावण कोरडा गेला आणि भाद्रपदात एका रात्रीत वरच्या डोंगरात एवढा पाऊस कोसळला की सकाळी गावाच्या दोन्ही अंगांनी पाणी वाहत होतं. मागचा ओढाही फुगला आणि गाव मधोमध अडकलं. साळवे दुसऱ्याच कामाला भोकरदनला निघाले होते. एसटी केदारखेड्याला थांबली, ड्रायव्हर पुढे न्यायला तयार नव्हता. लोकांनी सांगितलं तसे ते चिखल तुडवत नदीपर्यंत गेले.

दुपारी त्यांचा केदारखेड्याच्या पोस्टातून फोन आला. घेतला मीच. "ताई, लिहून घ्या," एवढंच म्हणाले आणि सांगत गेले. नदीलगतचा बौद्धवाडा सगळ्यात आधी पाण्यात गेला. तिथली माणसं वर पळाली. मग मधली आळी गेली. आता जी माणसं उरलीत ती शाळेच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर आहेत. शाळा दगडमातीची, जुनी. केदारखेड्याच्या तरण्या पोरांनी पिंपं बांधून तराफा केला होता, तो पाण्याने परत फेकला. एकाचा हात मोडला. "अख्खं गाव एका छतावर आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "एरवी कधी एका जागी बसलं नसतं."

त्याच फोनवरून त्यांनी तहसील कार्यालय गाठलं होतं. तिथून उत्तर मिळालं होतं की शेजारच्या जिल्ह्यातून मोटरबोट आलेली आहे, निघतेच आहे.

साळवे परत काठावर गेले. छतावरची माणसं हाकेच्या अंतरावर होती, पाण्याच्या आवाजातूनही बोलणं पोचत होतं. त्यांतली एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन छताच्या काठाशी उभी होती. तिनेच विचारलं, "ओ भाऊ, बोट येऊन राह्यली का?"

"येऊन राह्यली, माय," साळवे ओरडले. "निघालीय. जरा दम धर."

संध्याकाळ होईपर्यंत तिने पुन्हा पुन्हा विचारलं आणि साळव्यांनी प्रत्येक वेळी तेच सांगितलं. मध्ये एक माणूस केदारखेड्याला पाठवून पुन्हा फोन करवला. पुन्हा तेच उत्तर आलं, निघतेच आहे. अंधार पडल्यावर काही दिसेना. काठावरच्या लोकांनी कंदील धरले, म्हणजे पलीकडच्यांना कळावं की इकडे माणसं आहेत.

पहाटे शाळेची नदीकडची भिंत बसली. तिच्याबरोबर अर्धं धाबं गेलं.

उजाडल्यावर बरंच ऊन वर आलं तेव्हा बोट आली. उरलेल्या अर्ध्या धाब्यावरच्या, लिंबाच्या झाडावरच्या आणि देवळाच्या शिखराला धरून राहिलेल्या माणसांना तिने काढलं. तीनचार फेऱ्यांत काम झालं. कडेवर लेकरू घेतलेली ती बाई त्यांत नव्हती.

हे सगळं त्यांनी एकदम सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलेल्यांची नावं छापायची होती. कच्चा छापा माझ्यापुढे होता आणि साळवे शेजारी उभे राहून नावं वाचत होते. एका नावावर त्यांचं बोट थांबलं. गोदावरी. "ही," ते म्हणाले. "मला नाव ठाऊक नव्हतं. आता कळून राह्यलंय." मग त्यांनी मला काठावरची ती बोलाचाली सांगितली. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी म्हणाले, "सरकार खोटं बोललं ते माझ्या तोंडानं बोललं, ताई."

त्यानंतर ते दोन दिवस भोकरदनमध्ये होते. बोट घेऊन आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने त्यांना बोट कुठे अडली होती ते आधीच काठावर सांगितलं होतं. साळव्यांनी ते तहसीलसमोरच्या हॉटेलवाल्याला विचारलं, कपडे शिवणाऱ्याला विचारलं, शाळेच्या पोरांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. बोट पुराच्या दिवशीच दुपारी आली होती. रात्रभर तहसीलच्या आवारात ट्रकवर उभी होती. लोक येऊन बघून जात होते, कारण या भागात बोट कोणी पाहिलेली नव्हती. ती हलली नाही, कारण ती चालवणारा माणूस तिच्याबरोबर आलाच नव्हता. त्याच शेजारच्या जिल्ह्यात एका धरणावर एक मंत्री पाण्याची पाहणी करणार होते, त्यांना पाण्यातून फिरवायला त्याला तिथे ठेवून घेतलं होतं.

तेच मंत्री पाणी ओसरल्यावर जालन्यात आले.

सरकारी विश्रामगृहात पत्रकार परिषद होती. आमच्याकडचे दोघं आजारी असल्यामुळे मालकांनी मलाही पाठवलं. बाजूच्या खोलीत जेवणाची मांडामांड चालली होती आणि वास हॉलमध्ये येत होता. मंत्र्यांनी निवेदन वाचलं. प्रशासन सतर्क होतं, यंत्रणा तातडीने हलली, मदत वेळेत पोचली. वाचून झाल्यावर चष्मा काढून ते म्हणाले, "विचारा."

साळवे उभे राहिले. "साहेब, बोट कुठं होती?"

"बोट आम्ही त्याच दिवशी रवाना केली होती."

"कुठून कुठं?"

मंत्र्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो कागद चाळू लागला. "भोकरदनपर्यंत पोचली होती," मंत्री म्हणाले. "पुढं रस्ता खराब होता."

"रस्ता खराब होता तर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं कशी आली? बोट तहसीलच्या आवारात ट्रकवर उभी होती. चालवणारा माणूस न्हवता."

"हे तुम्हाला कोण सांगतं?"

"नाव सांगता येणार न्हाई. नोकरीचा माणूस आहे. पण बोट सगळ्या भोकरदननं बघितलीय. गावाला काही नोकरीवरून काढता येत नाही."

मागे कोणीतरी हुंकार दिला. मंत्र्यांचा चेहरा बदलला. "हे बघा, तुम्ही पत्रकार आहात का विरोधी पक्षाचे कार्यकर्ते?"

साळव्यांनी नेहमीसारखी मान वळवली, उजवा कान पुढे केला. "मी विचारून राह्यलोय, चालवणारा माणूस कुठं होता? तो धरणावर तुमच्यासाठी थांबवला होता, हे खरं का खोटं?"

मंत्र्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि नजर साळव्यांवरून काढून म्हणाले, "पुढचा प्रश्न."

हमीदभाई उठले. त्यांचं एक उर्दू साप्ताहिक होतं, वय झालेलं होतं, गुडघे धरून उठावं लागायचं. सावकाश म्हणाले, "मेरा भी वही है साहब. बोट कुठं होती?"

"पुढचा."

अंबडचे एक वार्ताहर उभे राहिले. पेशाने वकील, बोलायला एरवी फार मिठ्ठास. "साहेब, माझाही तोच आहे. चालवणारा माणूस कुठे होता?"

मग आणखी एक उठला. मग आणखी एक. कोणी ठरवलेलं नव्हतं. आमच्यात एक गृहस्थ असे होते की प्रत्येक मंत्र्याच्या गाडीत बसून यायचे आणि गाडीतच बातमी लिहायचे. ते खाली मान घालून बसले होते. त्यांची पाळी आल्यासारखी सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते अर्धवट उठले आणि पुटपुटले, "तेवढं सांगूनच टाका ना साहेब."

मंत्री उठले आणि आतल्या खोलीत गेले. पाठोपाठ अधिकारी गेले. थोड्या वेळाने एकाने बाहेर येऊन सांगितलं की जेवण तयार आहे. हमीदभाईंनी टोपी सारखी केली, "चलो," म्हणाले आणि सगळे बाहेर पडले. जालन्यातल्या पत्रकारांना मी असं एकत्र पाहिलं ते त्या एका दुपारी. आधी नाही, नंतरही नाही.

बातमी आम्ही छापली. जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या दैनिकांनीही घेतली. त्यानंतर आठ दिवसांत आमच्याकडच्या सरकारी जाहिराती बंद झाल्या. मालक वाईट माणूस नव्हते, पण छापखाना बंद पडला तर तीसेक कुटुंबं उघड्यावर येतील हे ते उगीच सांगत नव्हते. त्यांनी साळव्यांना बोलावलं. मी पान दाखवायला आत गेले होते, तिथेच उभी राहिले.

"साळवे, खेद व्यक्त करणाऱ्या दोन ओळी द्या. माफी मागा असं म्हणत नाही मी."

"खेद कशाबद्दल?"

"सूर जरा कडक होता ना तुमचा."

साळव्यांनी थोडा विचार केला. "सुराबद्दल देतो लिहून. प्रश्नाबद्दल न्हाई." तिथेच बसून त्यांनी लिहिलं. मंत्रिमहोदयांना प्रश्न विचारताना आमच्या बातमीदाराचा आवाज चढला, याबद्दल खेद आहे. प्रश्न असा होता : बोट कुठे होती?

मालकांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. ते कधी छापलं गेलं नाही. साळव्यांना दुसऱ्या दिवसापासून बाजारभावाच्या आणि निधनवार्तांच्या टेबलावर बसवण्यात आलं. त्यांनी कुरकूर केली नाही. ज्वारीचे, सरकीचे, मोसंबीचे भाव ते इतक्या काळजीने लिहायचे की आडतीवरची माणसं चूक दाखवायला येईनाशी झाली. निधनवार्ता लिहिताना मात्र एक सवय लागली. माणूस कशाने गेला हे ते घरच्यांना विचारायचे, आणि दवाखाना लांब होता, रस्ता नव्हता, गाडी मिळाली नाही असं कोणी सांगितलं तर तेही त्या चार ओळींत घालायचे. काही घरांना ते आवडायचं नाही. काही घरं कात्रण जपून ठेवायची.

सरकारने चौकशी नेमली. एक निवृत्त अधिकारी येऊन गेले, साक्षी झाल्या, साळव्यांचीही झाली. अहवाल गेला आणि परत दिसला नाही. निलंबित झाला तो बोरदरीचा तलाठी. पुराच्या दिवशी तो मुख्यालयी हजर नव्हता असा ठपका ठेवला. त्या दुपारी तो केदारखेड्याच्या पोस्टात बसून फोन लावत होता, हे साळव्यांनी स्वतः पाहिलं होतं. तलाठी मूळ अंबडचा. साळवे त्याच्या घरी जाऊन आले. बातमी मालकांनी घेतली नाही. मग पुढच्या पत्रकार परिषदेला, बोलावणं नसताना, साळवे जाऊन मागच्या रांगेत बसले आणि वेळ आली तेव्हा उभे राहून म्हणाले, "साहेब, तलाठ्याकडं बोट होती का?"

ही त्यांची रीतच झाली. मंत्री बदलले, सरकारं बदलली, विश्रामगृहाचे पडदे बदलले. कापसाचा विषय असो की नव्या रस्त्याचा, शेवटी साळवे उठायचे. अहवाल कुठे आहे? बोरदरीला घरं कधी? आधी लोक गंभीर व्हायचे. मग हसू लागले. नव्या पत्रकारांत तर त्यांची नक्कल करणारे निघाले. एकदा एक मंत्री आल्याआल्याच म्हणाले, "साळव्यांचा प्रश्न झाला असं समजू आणि सुरू करू." सगळे हसले. साळवे उभेच होते. हसणं संपल्यावर म्हणाले, "समजू नका साहेब. उत्तर द्या."

पुराच्या वेळी विरोधी पक्षाचा एक आमदार होता. पाण्यात उतरून, धोतर वर खोचून त्याने काठावर सरकारला अशा शिव्या घातल्या होत्या की लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं. साळव्यांची बातमी त्याने सभागृहात वाचून दाखवली होती. जालन्याला आला की मुद्दाम ऑफिसात येऊन साळव्यांचा हात हातात घ्यायचा. "साळवे, आमचं राज्य येऊ द्या. पहिली फाइल बोरदरीची."

त्यांचं राज्य आलं. तो मंत्री झाला. पहिल्याच दौऱ्यात साळव्यांनी विचारलं. मंत्री प्रसन्नपणे म्हणाला, "अहवाल अभ्यासासाठी घेतला आहे." पुढच्या दौऱ्यात, "जुनी प्रकरणं उकरून कुणाचंच भलं होत नाही." त्या दिवशी परिषद संपल्यावर त्याने साळव्यांच्या खांद्यावर हात ठेवून बाजूला नेलं. मी जिन्यापाशी होते. तो हळू म्हणाला, "साळवे, तुम्हाला वाटतं मी विसरलो? तसं न्हाई. सगळं आपल्या हातात नसतं हो. तेच अधिकारी आहेत, मंत्रालयात बसलेत. त्यांच्याशिवाय माझं पानही हलत न्हाई."

साळव्यांनी त्याचा हात खांद्यावरून काढला नाही. फक्त विचारलं, "तवा काठावर तुम्ही शिव्या कोणाला दिल्त्या?"

मंत्र्याने हात काढला आणि जिना उतरून गेला. त्या संध्याकाळी साळवे गाडीची वेळ होऊन गेली तरी ऑफिसात बसून होते. मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला. म्हणाले, "आधीचा खोटं बोलत होता ताई, त्याच्याशी भांडता येत होतं. हा खरं बोलून राह्यलाय. याचं काय करायचं?"

बोरदरीच्या उरलेल्या लोकांना वरच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. तात्पुरती म्हटलेली ती सोय पत्रे गंजेपर्यंत राहिली. साळवे दर पावसाळ्याच्या तोंडावर तिथे जाऊन यायचे. एका वर्षी मीही बरोबर गेले. उन्हाने पत्रे इतके तापलेले की बायका सगळ्या बाहेर, एकुलत्या एका बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या. छतावर एकत्र बसलेल्या गावाच्या शेडमध्ये पुन्हा दोन रांगा झाल्या होत्या. बौद्धांची रांग वेगळी, उताराकडे. साळव्यांनी ते मला दाखवलं.

गोदावरीची सासू केसरबाई तिथे राहायची. त्या पहाटे ती उरलेल्या अर्ध्या धाब्यावर होती. साळवे इतकी वर्षं जात होते, पण तिच्या शेडपुढे फार थांबत नसत. नमस्कार करून पुढे जायचे. त्या दिवशी तिनेच हाक मारली. आम्ही जमिनीवर टेकलो. तिने तांब्याभर पाणी दिलं आणि साळव्यांकडे निरखून बघत म्हणाली, "तुमीच का ते? त्या दिवशी हाका मारून राह्यलते?"

"मीच, मावशी."

"मला वाटलंच आवाजावरून. लई दिवस झाले विचारीन विचारीन म्हणून." तिने तांब्या साळव्यांकडे सरकवला. "गोदी लई भित्री होती. पाण्याला तर फारच भ्यायची. पर त्या दिवशी रडली न्हाई. तुमी म्हणले ना, निघालीय. मंग लेकराला म्हणायची, मामा बोट घेऊन येऊन राह्यलाय. झोप आता. लेकरू झोपलं बी तिच्या मांडीवर." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमचा आवाज होता म्हणून निवांत होती बिचारी."

तिने हे धीर द्यायला सांगितलं होतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट उपकार मानल्यासारखं होतं. साळव्यांनी तांब्या उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला. मग उठले, केसरबाईच्या पायांना हात लावला आणि फाट्याकडे चालू लागले. एसटीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तिला जर खरं सांगितलं असतं तर त्यांनी रात्रीच काही केलं असतं का? झाडावर गेले असते. पोहले असते."

मी म्हटलं, "तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?"

"न्हवतं," ते म्हणाले.

त्यानंतर काही वर्षांनी माळावर घरं झाली. दोन खोल्यांची, सिमेंटची, काहींना दारं नव्हती. उद्घाटनाला साळव्यांना शाल-नारळाचं बोलावणं होतं. ते गेले नाहीत. तोपर्यंत ते निवृत्त झाले होते, ऑफिसात संगणक आले होते आणि मी डेस्कवर बसायला लागले होते. पत्रकार परिषदांना ते तरीही यायचे. दारावरचा शिपाई ओळखीचा होता, सोडायचा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तेही विश्रामगृहाच्या त्याच हॉलमध्ये. नवे मंत्री आले होते. वय कोवळं, बोलणं चटपटीत, पुढे चॅनेलांचे कॅमेरे. आपत्ती व्यवस्थापनाच्या कुठल्याशा योजनेची माहिती देत होते. शेवटी साळवे उठले. हात खुर्चीच्या पाठीवर टेकवावा लागला.

"साहेब, बोरदरीच्या अहवालाचं काय झालं? बोट कुठं होती?"

मंत्र्यांनी गोंधळून पाहिलं. ते टाळत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं. शेजारच्या अधिकाऱ्याकडे वळले, त्यालाही माहीत नव्हतं. पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यांतली बरीचशी त्या पुराच्या वेळी शाळेतही जात नसतील.

"कुठली बोट, काका?" मंत्र्यांनी आदराने विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणूनच सगळे टाळायचे. साळव्यांनी सांगायला सुरुवात केली. अगदी पहिल्यापासून. केदारखेड्याला थांबलेली एसटी, नदीलगतची वस्ती, शाळेचं धाबं. कोण, कुठं, कवा. विशेषण एकही नाही.

थोड्या वेळाने मंत्र्यांच्या स्वीय सहायकाने कानात काही सांगितलं. मंत्री हात जोडून उठले, "नक्की लक्ष घालतो काका," म्हणाले आणि गेले. अधिकारी गेले. कॅमेरेवाल्यांनी वायरी गुंडाळल्या. पोरांनी पिशव्या उचलल्या, दोघंतिघं दाराशी थोडी रेंगाळली आणि गेली. साळवे सांगतच होते. आवाज चढला नाही, थांबलाही नाही. हॉलमध्ये मी होते आणि विश्रामगृहाचा खानसामा होता. तो कपबश्या गोळा करत होता. करता करता थांबला आणि कपांची थाळी हातात धरून ऐकू लागला.

साळवे गोदावरीपर्यंत आले. तिने काय विचारलं ते सांगितलं. आपण काय उत्तर दिलं ते सांगितलं. मग थांबले.

खानसाम्याने वाट पाहिली. साळवे पुढे बोलत नाहीत असं पाहून त्याने विचारलं, "मंग आली का बोट?"

साळव्यांनी मान वळवून उजवा कान त्याच्याकडे केला. त्याने पुन्हा विचारलं.

"आली," साळवे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी आली."

खानसाम्याने थाळी टेबलावर ठेवली. साळव्यांनी पिशवी खांद्याला लावली, मला म्हणाले, "चलतो ताई, गाडीची वेळ झाली," आणि रिकाम्या खुर्च्यांच्या मधून, एकेका खुर्चीला हात लावत, दाराबाहेर गेले.